दहा हंगाम थांबलेली आर्मा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रशिक्षकाला किती मुदत द्यावी, यावर आपल्या वाचकपत्रांत चाललेली चर्चा वाचली. बहुतेक पत्रलेखकांनी दाखले क्रिकेटचे किंवा युरोपातील श्रीमंत क्लबांचे दिले आहेत, आणि तिथे पैशाचा प्रश्न एवढा मोठा असतो की खेळाविषयी बोलायचे राहूनच जाते. म्हणून आयर्लंडच्या गेलिक फुटबॉल या खेळातील एक दाखला देतो. या खेळात खेळाडूला वेतन मिळत नाही आणि तो सहसा आपल्या जन्मगावच्या काउंटीकडूनच, म्हणजे जिल्ह्याकडूनच, खेळतो. (आपल्याकडे आयर्लंडचा विषय निघतो तो मालवणजवळच्या वराड गावाशी नाते असलेले तिथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्यामुळे; तिथले मैदानी खेळ मात्र आपल्या क्रीडापानावर क्वचितच दिसतात.)

कीरन मॅक्गीनी हे उत्तर आयर्लंडमधील आर्मा काउंटीचे, मुलाबॉन या गावच्या क्लबचे बचावपटू. बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या या गड्याच्या नेतृत्वाखाली आर्माने 2002 साली पहिल्यांदाच अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. डब्लिनच्या क्रोक पार्कवरील त्या अंतिम सामन्यात मध्यंतराला केरी काउंटीचा संघ चार गुणांनी पुढे होता. तेव्हा प्रशिक्षक जो कर्नन यांनी 1977 च्या अंतिम सामन्यात हरल्यावर मिळालेले आपले स्मृतिचिन्ह खेळाडूंसमोर फेकून दिले, ही गोष्ट तिकडे आजही सांगितली जाते. मला त्याहून बोलका वाटतो तो गुणफलक. पहिल्या अर्धात 11 गुण घेणाऱ्या केरीला दुसऱ्या अर्धात अवघे 3 गुण मिळाले. एक गोल (तो तीन गुणांचा) आणि बारा गुण, म्हणजे एकूण पंधरा, विरुद्ध चौदा, असा आर्माचा एका गुणाने विजय झाला. गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या लक्षात राहते. केरीला ज्यांनी अडवून धरले त्यांची नावे निकालाच्या ओळीत येत नाहीत. मॅक्गीनी त्या वर्षीचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, हा अपवादच म्हणावा लागेल. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात टिरोनच्या कॉनर गॉर्मलीने अखेरच्या मिनिटांत स्टीव्हन मॅक्डॉनेलच्या पायातून सुटलेला, गोल ठरलाच असे वाटणारा फटका झेप घेऊन अडवला आणि आर्माचे विजेतेपद गेले. बचावाचे मोल आर्माला असे दोन्ही बाजूंनी कळले.

निवृत्तीनंतर मॅक्गीनी यांनी किल्डेर काउंटीच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे घेतली. सुरुवात वाईट झाली: 2008 मध्ये दुबळ्या समजल्या जाणाऱ्या विकलोकडून पराभव. तरीही त्या वर्षापासून सलग पाच वर्षे किल्डेर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले आणि 2010 मध्ये उपांत्य सामन्यात डाउनकडून केवळ दोन गुणांनी हरले. एवढे असूनही 2013 मध्ये क्लबांच्या प्रतिनिधींनी 29 विरुद्ध 28 मतांनी त्यांना पदावरून दूर केले. लोकशाही पद्धत होती हे मान्य. पण सहा हंगामांच्या कामाचा निकाल एका मताने लागावा, हे मला आजही पटत नाही.

आर्माने त्यांना 2015 च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक केले. त्यानंतरच्या वर्षांत संघ लीगच्या तिसऱ्या श्रेणीत घसरला. 2022 आणि 2023 मध्ये उपांत्यपूर्व सामने, 2023 आणि 2024 मध्ये अल्स्टर प्रांताचे अंतिम सामने, असे चार सामने आर्माने पेनल्टींवर गमावले. हातातली आघाडी सांभाळण्याच्या नादात संघ आक्रमण विसरतो, ही टीका मला रास्त वाटते, आणि त्यांचे काही सामने पाहायला कंटाळवाणे होते हेही खरे आहे. 2023 मध्ये इथेही प्रतिनिधींच्या मतदानाची वेळ आली. मात्र आर्माच्या क्लबांनी त्यांनाच कायम ठेवले.

28 जुलै 2024 रोजी, म्हणजे दहाव्या हंगामात, आर्माने गॉलवेला हरवून दुसऱ्यांदा अखिल आयर्लंड विजेतेपदाचा सॅम मॅग्वायर चषक जिंकला. फरक पुन्हा एकाच गुणाचा. सामन्यातील एकमेव गोल केला तो ॲरन मॅकाय या बचावपटूने, गोलरक्षकासमोरची जागा सोडून थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजाळ्यापर्यंत धावत जाऊन. आघाडी जपत बसणारा संघ म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांचा अंतिम सामना असा सुटला. केवळ मुदत दिली की यश येतेच, असे माझे म्हणणे नाही. मुदत मिळूनही काहीच न साधलेले प्रशिक्षक प्रत्येक खेळात सापडतील. पण आर्माच्या प्रतिनिधींनी 2023 चा निकाल पाहताना त्यामागची वर्षेही पाहिली, असे दिसते.

आपणास विनंती एवढीच की, यापुढे एखाद्या प्रशिक्षकाला काढल्याची बातमी छापताना त्याला किती हंगाम मिळाले, त्या काळात संघ कोणत्या फेरीपर्यंत पोहोचला आणि निर्णय नेमका कोणी घेतला, एवढा तपशील तरी सोबत द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे