मॉडेल रेल्वे: फोटोखाली मापेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती रेल्वे लेआउटची छायाचित्रे अधूनमधून येतात, याचा आम्हा हौशी लोकांना आनंदच आहे. पुण्यात कोथरूडला १९९८पासून जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. ते पाहून घरी आलेल्या अनेकांच्या मनात आपणही असे काही करावे हा विचार रुजतो. अशा माणसाला आपली छायाचित्रे बळ देतात, पण कामाची माहिती देत नाहीत. हिरवा डोंगर, बोगदा आणि त्यातून बाहेर पडणारे इंजिन एवढेच फोटोत दिसते. वळणाची त्रिज्या किती, चढ किती, दोन मार्गांत अंतर किती ठेवले, डब्यात वजन किती भरले, वायर कोणत्या जाडीची आणि कोणता भाग उखडून पुन्हा घालावा लागला, हे कुठेच नसते. लेआउट चालणार की पडून राहणार, हे याच आकड्यांवर ठरते. म्हणून फोटोखाली या सहा गोष्टी छापाव्यात, ही आमची मागणी आहे. ती का, हे आपल्याकडे सर्वांत जास्त हाती घेतल्या जाणाऱ्या विषयावरून, म्हणजे भोर घाटावरून सांगतो.

आधी प्रमाण. बाजारात सहज मिळणारे सामान एचओचे असते, म्हणजे १:८७, आणि त्याच्या रुळांतले अंतर १६.५ मिमी. हे अंतर युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजला जुळते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, त्याचे १:८७ने १९.३ मिमी व्हायला हवेत. याचा अर्थ भारतीय डबा एचओ रुळावर ठेवला की तो पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायावर उभा असतो. वर डब्याची रुंदी ३७ मिमी. त्यामुळे समोरून पाहिल्यावर गाडी डोक्याने जड वाटते आणि वळणावर डुलतेही. १९.३ मिमीचे रूळ हाताने टाकणारे थोडे लोक असतात, पण त्यांना प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग) आणि प्रत्येक चाकजोडी स्वतः करावी लागते. नवख्याने १६.५ स्वीकारावे आणि वजन शक्य तितके खाली ठेवावे, हे आमचे स्पष्ट मत.

आता वळण. रेल्वेच्या नव्या एलएचबी डब्याची लांबी २३.५४ मीटर, एचओत २७० मिमी. जुन्या पद्धतीचा आयसीएफ डबा २४५ मिमी. लांबीच्या तिप्पट त्रिज्या ठेवली तर डबा बिनतक्रार जातो, अडीचपटीत बहुतेक वेळा जातो, दुपटीत रडतखडत. २७०ची तिप्पट झाली ८१० मिमी. आणि सुतार जी प्लाय आणून देतो ती आठ बाय चार, म्हणजे १२२० मिमी रुंद. कडेला साठ मिमी सोडले तर त्रिज्या ५५० मिमीच्या वर जात नाही. तयार रुळांच्या खोक्यात मिळणारे ४३८ मिमीचे वळण तर छोट्या शंटिंग इंजिनासाठी आणि चारचाकी वाघिणींसाठी आहे. त्यावर एलएचबी चालवणे हा हट्ट आहे. एक डब्लूएपी-७ हे विजेचे इंजिन आणि पाच एलएचबी डबे मिळून गाडी १.६ मीटरची होते, तर आठ बाय चारच्या बोर्डावर सरळ भाग उरतो १.२ मीटर. गाडी कायम कुठल्या ना कुठल्या वळणात अडकलेली राहते.

दोन मार्गांतले अंतर ही त्याहून फसवी गोष्ट, आणि घाटात तर तीन मार्ग आहेत. सरळ मार्गावर ५० मिमी पुरतात. वळणावर मात्र डब्याचा मध्य आत सरकतो आणि टोके बाहेर येतात. हिशेब सोपा आहे: दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) मध्यांतले अंतर एचओत १७१ मिमी, त्याचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे ५५०च्या वळणावर मध्य साडेसहा मिमी आत. टोकासाठी डब्याच्या लांबीच्या वर्गातून हा वर्ग वजा करून त्याच संख्येने भागावे. उत्तर दहा मिमी. आतल्या मार्गावरच्या डब्याचे टोक आणि बाहेरच्या मार्गावरच्या डब्याचा मध्य समोरासमोर आले, की डब्याची रुंदी धरून ५३-५४ मिमी लागतात. वर पाच मिमी मोकळीक. म्हणून वळणावर ६० मिमी ठेवावे. ५०वर घातलेल्या वळणात एकेकटी गाडी छान धावते, फोटोही छान येतो आणि दोन गाड्या एकदम सोडल्या की डबे एकमेकांना घासून पडतात. बोगद्याच्या तोंडाला हाच हिशेब लावावा. तोंड चिकटवण्याआधी सर्वांत लांब डबा हाताने ढकलत नेऊन पाहावा. डब्याच्या टोकांना आणि मध्याला पेन्सिल बांधली तर ती प्लायवर लागणारी जागा आखूनच देते.

चढ हा घाटाचा प्राण. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, १८६३ साली खुला झालेला मार्ग, चढ ३७ला १. तो बोर्डावर आखणे अवघड नाही: दर ३७० मिमीला ठोकळा १० मिमीने उंच करत जायचे. अडचण लांबीची आहे. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा तर विजेच्या तारेसह ९० मिमी तरी उंची हवी. ३७ला १ने त्याला ३.३३ मीटर लागतात. शिवाय चढाची सुरुवात आणि शेवट एकदम करता येत नाही. दर ३०० मिमीत एक टक्क्याहून जास्त बदल केला, तर लांब इंजिनाचा पुढचा भाग उचलला जातो आणि कपलिंग (डबे जोडणारा आकडा) सुटते. ही दोन्ही टोके धरून चढाला चार मीटरच्या वर लागतात, उताराला तेवढेच. आठ बाय चारच्या अख्ख्या फेरीची लांबी सहा मीटरही नाही. म्हणून त्या बोर्डावर ‘घाट’ केलेल्या लेआउटवर चढ २० ते २५ला १ झालेला असतो आणि तिथे इंजिन तीन डब्यांवर घसरते. त्यातच वळणाचा विरोध वेगळा मोजावा लागतो. जुना ठोकताळा असा, की ३२ला इंचांतल्या त्रिज्येने भागले की तितके टक्के चढात मिळवायचे. ५५० मिमीला ही भर दीड टक्क्याची होते. ३७ला १चा २.७ टक्क्यांचा चढ इंजिनाला ४.२ टक्क्यांचा पडतो.

आमचा सल्ला असा. रूळ चढवू नका, जमीन उतरवा. सपाट प्लायच्या ऐवजी लाकडी पट्ट्यांची उघडी चौकट करावी, १२ मिमी प्लायच्या फक्त रुळाखालच्या पट्ट्या कापाव्यात आणि रुळाच्या पातळीपासून खाली दोनशे-तीनशे मिमी दरी सोडावी. रूळ जवळपास सपाट असूनही डोळ्याला घाट दिसतो. खरा चढ हवाच असेल, तर भिंतीलगत साडेचार-पाच मीटर लांब आणि ४५० मिमी रुंद फळी घ्यावी, दोन्ही टोकांना ती रुंद करून पडद्याआड फिरणारी वळणे द्यावीत.

आणि बँकर. कर्जतहून चढणाऱ्या गाडीला मागून रेटणारी इंजिने दाखवण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो रास्तच आहे. पण ढकलताना डबे बाहेर फेकले जातात, ओढताना आत पडतात, आणि दोन्ही वेळा सर्वांत हलका डबा पहिला जातो. त्यासाठी वजनाचा अमेरिकन नियम आपल्यालाही लागू आहे: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आयसीएफ डबा १६५ ग्रॅमच्या आसपास, एलएचबी १८० ग्रॅमच्या आसपास. थ्रीडी प्रिंटेड डबा रिकामा याच्या निम्माही भरत नाही. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगची पाच आणि दहा ग्रॅमची चिकटणारी वजने मिळतात. ती डब्याच्या तळाला, बोगींच्या वर, दोन्ही बाजूंना सारखी लावावीत. छताला कधीच नाही. सगळ्या डब्यांचे वजन सारखे असणे हे एका डब्याच्या अचूक वजनाहून महत्त्वाचे.

कपलिंग बोगीला असेल, तर ढकलताना ते बोगीलाच तिरके करते. बँकर चालवायचा असेल तर कपलिंग डब्याच्या अंगाला बसवावे. मात्र मग त्रिज्या मोठी हवी. डीसीसीवर, म्हणजे प्रत्येक इंजिन वेगळे चालवणाऱ्या डिजिटल नियंत्रणावर, दोन इंजिनांचे वेग जुळवण्यासाठी सीव्ही (इंजिनातल्या चिपच्या क्रमांकित सेटिंग) २, ६ आणि ५ म्हणजे सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग लावावेत. त्याआधी सीव्ही ३ आणि ४ शून्य करावेत, नाहीतर वेग वाढण्याची सवड मोजमाप बिघडवते. मागचे इंजिन पुढच्यापेक्षा किंचित मंद ठेवावे.

गाडी नेहमी एकाच सांध्यावर पडत असेल तर सांध्याला दोष देण्याआधी चाकांच्या आतल्या बाजूंतले अंतर व्हर्नियरने मोजावे. ते १४.४ मिमीच्या आसपास हवे. कमी असेल तर चाकाची पाठ चेकरेलला (सांध्यातल्या आतल्या रक्षक रुळाला) चढते, जास्त असेल तर फ्लँज (चाकाची आतली कड) सांध्याच्या नाकावर, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकावर, आपटते. स्थानिक बनावटीच्या चाकजोड्यांत हे अंतर एकाच पाकिटात वेगवेगळे निघते. एकापाठोपाठ येणाऱ्या उलटसुलट वळणांच्या मधे एका डब्याएवढा, म्हणजे २७० मिमी सरळ तुकडा ठेवावा.

वायरिंगबद्दल थोडक्यात: बोर्डाखाली १.५ चौ. मिमीची लाल-काळी घरगुती वायर मुख्य म्हणून, आणि दर मीटरला ०.५ची जोडणी थेट रुळाला. रूळजोडांच्या पत्र्यावर विसंबू नये, कोकणात आणि मुंबईत तर दोन पावसाळ्यांत तो वीज सोडतो. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने रूळ तापायला वेळ लागतो आणि तेवढ्यात स्लीपर वितळतात. ६० वॉटचे घ्यावे, दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत आणि तीन सेकंदांत काम संपवावे. आम्लाचा फ्लक्स नको, राळेचाच. शेवटी बोर्डावर जागोजागी रुळांवर नाणे आडवे ठेवून पाहावे. प्रत्येक ठिकाणी डीसीसीच्या कमांड स्टेशनने (वीज पुरवणाऱ्या नियंत्रण-पेटीने) वीज तोडली पाहिजे. जिथे तोडत नाही, तिथे गाडी घसरली की बोगी वितळते.

रूळ मात्र सगळे सोल्डरने जोडू नयेत. पुण्यात मे महिन्यात सुकलेले लाकूड जुलैत फुगते आणि पुन्हा आकसते. दर मीटरला एका जोडात अर्धा ते एक मिमी फट मोकळी ठेवली नाही, तर सरळ मार्ग हिवाळ्यात लाटेसारखा होतो. प्लाय आयएस ७१०ची, म्हणजे मरीन, घ्यावी आणि कापलेल्या कडांनाही रंग द्यावा.

खडीसाठी क्रशरची बारीक कच वापरतात, ते चांगलेच, कारण ती आपल्याच बेसाल्टची असते आणि रंग आपोआप जुळतो. खऱ्या खडीचा दगड साधारण ६५ मिमीपर्यंतचा, म्हणजे एचओत पाऊण मिलिमीटर. त्याहून जाड कण चाळून काढावेत. पण एक काम विसरू नये. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. कागदात गुंडाळलेले चुंबक त्या कचेतून चार-पाच वेळा फिरवले की कागदाला काळे केस चिकटून येतात. ते टाकून द्यायचे. ते राहिले तर इंजिनाच्या मोटारीचे चुंबक ते ओढून घेते आणि मोटार अडते. खडी पसरून झाल्यावर आधी साबणाचा थेंब घातलेल्या पाण्याचा फवारा, मग एक भाग पांढरा फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ डिंक पूर्ण टाळावा.

डोंगराबद्दलही एक सांगितले पाहिजे. परदेशी साच्यांतले टोकदार आल्प्स आपल्या घाटात उभे केलेले पाहून वाईट वाटते. सह्याद्रीचा कडा आडव्या थरांचा, पायरीपायरीचा आहे. थर्माकोलचे किंवा एक्सपीएसचे (दाट फोमचे) १० ते २५ मिमीचे आडवे थर एकावर एक रचून कडा तोडला की तो बेसाल्ट वाटतो. थर्माकोलला फक्त पांढरा फेव्हिकॉल. सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे रंग लागला तर ते विरघळते.

जागा कमी असेल तर ब्रॉडगेजचा आग्रहच सोडावा, हे आम्ही नवख्यांना आवर्जून सांगतो. शकुंतला रेल्वे आणि जुनी बार्शी लाइट ७६२ मिमीच्या. १:८७ने हे पावणेनऊ मिमी येतात आणि एन गेजचा रूळ ९ मिमीचा आहे. म्हणजे ब्रॉडगेजला न जुळणारे गणित इथे जवळजवळ नेमके जुळते. एन रुळाचे स्लीपर या प्रमाणाला बारीक आणि दाट असतात. ते माती आणि गवताखाली झाकले की प्रश्न मिटतो, आणि मूर्तिजापूर-अचलपूर मार्गाला ते शोभूनही दिसते. छोटे डबे ३०० मिमीच्या वळणावर निवांत फिरतात आणि आठ बाय चारच्या प्लायवर दोन स्थानके, एक नदीचा पूल आणि वळसा घेणारा मार्ग बसतो. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेली बार्शी लाइट आता ब्रॉडगेज झाली आहे. तिचे तपशीलवार मॉडेल महाराष्ट्रात कुणीतरी करावे अशी आमची फार इच्छा आहे.

छायाचित्र पाठवणाऱ्यांना आपण एवढे जरूर कळवावे: खडी आणि डोंगर चढण्याआधीच्या, उघड्या प्लायच्या अवस्थेतला एक फोटोही द्या, आणि तो काढताना वळणाच्या जागी रुळाशेजारी तीस सेंटिमीटरची स्टीलची पट्टी ठेवा. बोगद्याच्या आतला रूळ झाकण्याआधीचा फोटो असेल तर तोही छापा; गाडी आत पडली की तिथे हात जाईल एवढी झडप ठेवली आहे का, ते त्यात दिसते.

आपले,
मॉडेल रेल्वेचे काही हौशी,
पुणे आणि ठाणे