संयमाचा सल्ला नेमका कुणाला?

मा. संपादक,

वर्ण, जात किंवा स्त्रीत्व यांमुळे अन्याय सोसणारे रस्त्यावर उतरले की ‘मागणी रास्त आहे, पण भाषा आक्रस्ताळी नको’ असा सल्ला त्यांना हटकून मिळतो. अन्याय करणाऱ्याला तो क्वचितच मिळतो, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या फॅनी लू हेमर यांचे उदाहरण पाहावे. कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या या कृष्णवर्णीय बाईंचे गर्भाशय १९६१ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना न विचारताच काढून टाकले गेले. पुढच्या वर्षी त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तर १८ वर्षे राबलेल्या मळ्यावरून त्याच दिवशी त्यांना हाकलण्यात आले. अर्ज मागे घ्यायला सांगणाऱ्या मालकाला त्यांनी सुनावले होते, की मी नोंदणीला गेले ती तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. १९६३ मध्ये विनोना येथील तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांकरवीच त्यांना इतकी मारहाण केली, की त्यांचे मूत्रपिंड कायमचे अधू झाले.

मिसिसिपीच्या निव्वळ गोऱ्या शिष्टमंडळाला आव्हान देण्यासाठी १९६४ मध्ये अटलांटिक सिटीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, त्या ही हकिगत प्रतिनिधींची पात्रता ठरवणाऱ्या समितीपुढे सांगू लागल्या, तेव्हा अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकारांसमोर येऊन कॅमेरे स्वतःकडे वळवून घेतले. (वाहिन्यांनी ती साक्ष रात्री दाखवलीच, हा भाग वेगळा.) मग तडजोड म्हणून अधिवेशनात प्रतिनिधींच्या दोन जागा पुढे आल्या; त्याही दोन पुरुषांसाठी आणि नावेसुद्धा परस्पर ठरवलेली. पदरात पडते ते घ्या, असे चळवळीतील मान्यवर समजावत असताना हेमर यांनी साफ नकार दिला. तो आततायीपणा होता, असे मला वाटत नाही. काय देऊ केले जात आहे आणि काय नाकारले जात आहे, याचा इतका चोख हिशेब तिथे दुसऱ्या कुणी मांडला नव्हता. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात त्याच हेमर मिसिसिपीच्या रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या.

आपल्याकडे २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत दलित कुटुंबातील चौघांची, त्यांत मायलेकींची, हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे तिची पुरेशी दखल घेतली नाही आणि लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यामागे नक्षलवादी असल्याचा संशय राज्यकर्त्यांनीच बोलून दाखवला. जाळपोळीचे समर्थन मी करणार नाही. पण जाळपोळीचे छायाचित्र पहिल्या पानावर आणि मूळ गुन्ह्याचा तपशील आतल्या पानावर, हा क्रम संपादकच ठरवतात.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे अशा मोर्चाची बातमी देताना वाहतूक किती तास खोळंबली याच्या आधी मोर्चा कशासाठी निघाला, तक्रार कोणत्या तारखेला दिली गेली आणि तिचे पुढे काय झाले, हे छापावे.

आपली वाचक,
नागपूर