एकच गाव, सात रात्री: पोस्तिराला जाण्याआधी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. आठ दिवसांत क्रोएशियातलं झाग्रेब, प्लिटवित्सेचे धबधबे, स्प्लिट, ह्वार आणि दुब्रोव्निक! काकूंचे गुडघे, काकांची दुपारची झोप आणि सहा-नऊ वर्षांची दोन पोरं घेऊन हे करायला जाऊ नकोस. अर्धी सुट्टी बॅगा भरण्यात आणि उरलेली बसची वाट पाहण्यात जाईल. तुला विसावा हवाय ना? मग एकच बेट घे आणि त्यावरचं एकच गाव. माझं मत ब्राच बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पोस्तिराला. सात रात्री तिथे आणि परतीची एक रात्र स्प्लिटमध्ये, बस.

पोस्तिराच का, ते सांगतो. स्प्लिटहून ब्राचवरच्या सुपेतार बंदराला फेरीबोटीने पन्नास मिनिटं लागतात आणि सुपेतारहून पोस्तिरा जेमतेम दहा किलोमीटर. म्हणजे कोणी आजारी पडलं तरी स्प्लिटचं मोठं हॉस्पिटल आवाक्यात राहतं, आणि सुपेतारला आरोग्य केंद्र आहेच. दुसरं म्हणजे हे नुसतं पर्यटकांवर जगणारं गाव नाही. तिथे सार्डिन मासळी डबाबंद करण्याचा कारखाना आहे, मच्छीमार आहेत, वर ऑलिव्हच्या बागा आहेत. बेकरीत पहाटे रांग लागते ती गावकऱ्यांची. अशा गावात पाहुण्यालाही निवांत वाटतं. गोव्यात ज्याला सुशेगाद म्हणतात, त्याच्या जवळचा इथल्या डाल्मेशिया किनारपट्टीचा शब्द ‘फ्याका’: दुपारच्या उन्हात काहीच करावंसं न वाटणं आणि त्याची खंतही नसणं.

आधी महिना ठरव. एप्रिल-मेमध्ये पोरांना सुट्टी असली तरी समुद्र गार असतो, मेच्या मध्यालाही पाणी अठरा अंशांच्या आसपास. दिवाळीच्या सुट्टीत बोटींच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात आणि बऱ्याच खानावळी मिटलेल्या. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २४ ते २६ अंशांवर जातं, पण गर्दी आणि भाडं दोन्ही कळसाला. तुमच्यासाठी जूनचा पहिला पंधरवडा योग्य. शाळा उघडायच्या आत परत येता येईल. पाणी वीस-एकवीस अंश असेल. पोरं पहिल्या दिवशी कुडकुडतील, तिसऱ्या दिवशी बाहेर यायला तयार होणार नाहीत. सूर्य साडेआठनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर मिळते.

व्हिसाचं एक नीट लक्षात घे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून चलनही युरो. जुन्या माहितीत आधीचं चलन कुना लिहिलेलं दिसेल, ते सोडून दे. विमान म्युनिक किंवा फ्रँकफर्टला बदललं तरी सगळा मुक्काम क्रोएशियात आहे, म्हणून अर्ज क्रोएशियाकडेच करायचा. जर्मनीकडे केलास तर तिथेच अडकेल. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. तू निदान तीन महिने आधी कर. आणि पासपोर्ट तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावर, म्हणजे विमान बदलाल तिथेच होते. तिथे दोन विमानांत तीन तास ठेव, काकूंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांग.

स्प्लिटच्या विमानतळावरून शहर साधारण २५ किलोमीटर. शटल बस थेट मुख्य बस स्थानकावर सोडते आणि फेरीचा धक्का त्याला लागूनच आहे. सुपेतारची फेरी यादरोलिनिया कंपनीची. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो डोळ्यांसमोर आण, तशीच: खाली गाड्या, वर माणसं. पायी प्रवाशांना आसन क्रमांक नसतो, जागा मिळते. वर जायला लोखंडी जिना चढावा लागू शकतो, म्हणून काकूंना गर्दीच्या आधी बोटीवर ने. गाडी मात्र स्प्लिटहून नेऊ नकोस. तिकीट हातात असलं तरी धक्क्यावर आधी येणाऱ्याची गाडी आधी चढते, आणि शनिवारी ती रांग दोन-दोन फेऱ्या पुढे ढकलली जाते. सुपेतारला उतरल्यावर बस असते, पण रविवारी आणि संध्याकाळी विरळ. सहा जण आणि बॅगा असताना घरमालकाला सांगून मोठी टॅक्सी ठरवून ठेव.

आता घर. हा भाग दोनदा वाच, कारण बहुतेकांची सुट्टी इथेच बिघडते. ही गावं डोंगराच्या उतारावर चढत गेलेली असतात. जाहिरातीत ‘समुद्रापासून ५० मीटर’ लिहिलेलं खरं असतं, पण ते पन्नास मीटर साठ दगडी पायऱ्यांचे असू शकतात. म्हणून अंतर विचारू नकोस, पायऱ्या विचार: गाडी थांबते तिथून दारापर्यंत किती, दारातून झोपायच्या खोलीपर्यंत किती, न्हाणीघरात उंबरा किती उंच. पायऱ्यांचा फोटो मागव. दगड वापरून गुळगुळीत झालेला असतो आणि जुन्या जिन्यांना कठडा नसतो, तेव्हा तोही बघ. एसी सगळ्या खोल्यांत आहे की फक्त बैठकीच्या, हे वेगळं विचार. गच्चीला सावली आहे का, तेही. द्राक्षवेलीचा मांडव असेल तर काकांचा दिवस तिथेच जाईल. बरीच घरं शनिवार ते शनिवारच देतात, त्यामुळे विमानाची तिकिटं घर ठरल्यावर काढ. पोचल्यावर मालक पासपोर्ट मागतील. ते घाबरण्यासारखं नाही, पाहुण्यांची सरकारी नोंद त्यांना करावीच लागते. दर रात्री माणशी थोडा पर्यटन करही असतो, तो भाड्यात धरलाय का ते विचारून घे. बारा वर्षांखालच्या मुलांना तो नाही.

वहिनींसाठी स्वयंपाकघराचं. शेगडी गॅसची नसते. काचेची सपाट असते, कधी साधी, कधी इंडक्शन. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटत असेल असा तीन लिटरचा स्टीलचा कुकर आणि एक सपाट तवा घ्या. गोल बुडाची कढई दोन्हींवर निरुपयोगी. मिक्सर नेऊ नका, आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या गोल दोन पिनांच्या बोर्डात बसत नाही. चटण्या कोरड्या करून न्या.

युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे तूप, पेढे, खवा, पनीर घरीच राहू द्या. ताजा कढीपत्ता आणि हापूसही नको. तुपासाठी तिथलं बिनमिठाचं लोणी, ‘मास्लात्स’, घ्या. २५० ग्रॅमच्या वडीचं साधारण २०० ग्रॅम तूप होतं, आठवड्याला पुरे. दह्यात हमखास फसगत होते. ‘योगुर्त’ लिहिलेली बाटली पातळ, पिण्याची असते; तिचं ताक उत्तम होतं. घट्ट विरजलेलं हवं असेल तर ‘किसेलो म्लियेको’ मागा. पिठाला ‘ब्राश्नो’ म्हणतात. साधं पांढरं मैद्यासारखं, त्याच्या पोळ्या वातड होतात. त्यात निम्मं ‘इंतेग्राल्नो’ म्हणजे गव्हाचं कोंड्यासकट पीठ मिसळा आणि कणीक अर्धा तास मुरू द्या. मसूरडाळ ‘त्सर्वेना लेचा’ नावाने मोठ्या दुकानात मिळते. तूरडाळ किलोभर, पोहे अर्धा किलो, गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुलं एवढं सोबत असलं की झालं. नळाचं पाणी पिता येतं. ते मुख्य भूमीवरच्या सेतिना नदीतून समुद्राखालच्या नळाने बेटावर येतं, म्हणून जपून वापरायचं. दुकानांना वर्षात फक्त सोळाच रविवार उघडता येतं, असा कायदा २०२३ पासून आहे, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत सामान भरून ठेव.

बाहेर जेवताना शाकाहाराची फार ओढाताण होत नाही. ‘ब्लित्वा’ मागा: पालकाच्या जवळची पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. काकूंना ती घरचीच वाटेल. भाजीच्या सुपातही कधी मांसाचं पाणी असतं, ते आधी विचारायचं. काळा भात दिसला तर तो माकुळाच्या जातीच्या माशाच्या शाईचा. तुला मासे चालतात, तर जाळीवर भाजलेले सार्डिन खा, वर फक्त मीठ आणि तेल. झाकणावर निखारे घालून शिजवायची ‘पेका’ हवी असेल तर ती काही तास आधी सांगावी लागते, आयत्या वेळी मिळत नाही.

आणि समुद्र. आपल्याकडे समुद्रावर निघायचं तर आधी भरती-ओहोटी बघतो. इथे ते गणित जवळपास नाहीच. मुंबईला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, इथे फूटभर. पाणी काचेसारखं दिसतं कारण तळ चुनखडीचा आणि गाळ आणणाऱ्या नद्या बेटावर नाहीत. पण चुनखडीचा म्हणजेच खडकांचा. गावातल्या पोहण्याच्या जागा बहुतेक दगडी-सिमेंटच्या कट्ट्यांच्या, शिडीवरून उतरलं की लगेच खोल. तुला आणि वहिनींना छान, पोरांना नाही. पोरांसाठी पूर्वेला चारेक किलोमीटरवर लोव्रेचिनाचा उपसागर: खरी वाळू, बऱ्याच आतपर्यंत गुडघाभर पाणी, आणि उथळ असल्यामुळे तिथलं पाणी लवकर ऊब धरतं. काठावरच पाचव्या-सहाव्या शतकातल्या ख्रिस्ती बॅसिलिकेचे अवशेष आहेत. मुख्य रस्त्यावरून खाली उतरावं लागतं, म्हणून येता-जाता टॅक्सी सांगून ठेव. सकाळी नऊला पोचा, बाराला परता. उघडा किनारा आहे, दुपारी सावली पुरत नाही आणि पांढऱ्या दगडावरून ऊन खालूनही लागतं.

वाऱ्याची वेळ कळली की निम्मं काम होतं. शाळेत शिकलेले खारे वारे आठव. इथे त्यांना ‘माएस्त्राल’ म्हणतात. दहा-अकराला सुरू, दोन-तीनला जोरात, मावळतीला शांत. तो वायव्येकडून येतो, म्हणून उत्तर किनाऱ्यावर दुपारी लाटा. पोहणं सकाळी किंवा सहानंतर. ‘युगो’ आग्नेयेचा, दमट, दोन-तीन दिवस रेंगाळणारा; त्यात दक्षिणेचं बोल गाव खवळतं, पण बेटाच्या डोंगराआडचं पोस्तिरा त्यामानाने शांत राहतं. ‘बुरा’ मात्र समोरच्या भूमीवरून थेट पोस्तिरावर येते. आकाश निळंशार, उन्हं लख्ख आणि झोत एकदम. फसवी असते. हवा भरलेल्या गाद्या आणि रिंगा त्या दिवशी बाहेरच काढू नकोस. एरवीही किनाऱ्यावरून वारा समुद्राकडे वाहत असेल तर ती गादी मिनिटाभरात पोहून गाठता येणार नाही इतकी लांब जाते.

सगळ्यांना रबरी तळाचे पाण्यातले बूट घे, घरूनच घेतलेले बरे. खडकांवर काळे काटेरी समुद्री साळिंदर (सी अर्चिन) बसलेले असतात. काटा रुतला तर नखाने उपटायचा नाही. तो ठिसूळ असतो, मोडतो आणि अर्धा आत राहतो. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं बुडवायचा, मग ऑलिव्ह तेल लावून कातडी मऊ करायची आणि निर्जंतुक सुई-चिमट्याने काटा ज्या वाटेने शिरला त्याच वाटेने सरळ मागे ओढून काढायचा. बारीक तुकडे काही दिवसांत आपसूक निघतात. सांध्यात रुतला किंवा सूज वाढली, तर डॉक्टर. आणीबाणीचा क्रमांक ११२.

बघण्यासारखं थोडक्यात. सुपेतारहून एक दिवस गाडी भाड्याने घे. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना ने. आधी श्क्रिप, बेटावरची सर्वांत जुनी वस्ती, तिथे ब्राचचं संग्रहालय आहे. मग विदोवा गोरा, सुमारे ७८० मीटर, इथल्या एड्रियाटिक समुद्राच्या सगळ्या बेटांत उंच. गाडी माथ्याजवळ जाते, त्यामुळे खालच्या बोल गावाचं झ्लातनी रात हे समुद्रात घुसलेलं टोक काकूंनाही वरून दिसेल. वाऱ्या-प्रवाहाने त्याचं टोक वळत राहतं, हे पोरांना सांग. दुसऱ्या एखाद्या सकाळी पुचिश्चाची दगड घडवायची शाळा बघा. तिथली मुलं आजही हातोडी-छिन्नीने शिकतात. स्प्लिटचा रोमन सम्राट डायोक्लेशनचा राजवाडा याच बेटाच्या दगडाचा, आणि तो तुम्ही शेवटच्या संध्याकाळी बघणारच आहात. पोस्तिराच्या वर दोल नावाचं छोटं गाव आहे, तिथला अक्रोडाचा केक ‘ह्रापोचुशा’ काकांसाठी. एवढं पुरे. बाकीचे दिवस मोकळे ठेव.

परतीला विमान सकाळचं असेल तर आदल्या दुपारीच बेट सोड. बुरा सुटली की वेळापत्रकावर विसंबता येत नाही.

दोन-तीन घरं निवडलीस की त्यांचे दुवे आणि पायऱ्यांचे फोटो मला पाठव. मालकांना विचारायचे प्रश्न क्रोएशियन भाषेत लिहून देतो. काका-काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
विनय