राज्यशास्त्राच्या तासाला राजकारणाची बंदी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात माझी दहावीतली नात एक छापील सूचनापत्रक घेऊन घरी आली. इतिहास व राज्यशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षा आहेत आणि कोणते नियम पाळायचे, हे त्यात बारा कलमांत लिहिले होते आणि तळाशी पालकांच्या सहीसाठी जागा होती. हाच विषय मी मुंबईत चौतीस वर्षे शिकवला असल्यामुळे सुनेने ते सही करण्याआधी माझ्यापुढे ठेवले. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका शाळेपुरते नाही.

बहुतेक कलमांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. घंटा होताच जागेवर बसावे, पाठ्यपुस्तक रोज आणावे, स्वाध्याय दर शुक्रवारी तपासायला द्यावा, हे सगळे योग्यच आहे. मोबाइल आणू नये आणि तासाचे चित्रीकरण करू नये, हे कलम तर मी पहिल्या क्रमांकावर घातले असते. वर्गात चाचपडत बोललेले एखादे वाक्य अर्ध्या मिनिटाची चित्रफीत होऊन सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरू लागले, की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही, आणि शिक्षकही जपून, पुस्तकातले तेवढेच बोलू लागतात.

आक्षेप आहे तो तीन कलमांना. आठवे कलम म्हणते की वर्गात राजकीय चर्चा करू नये आणि कोणत्याही पक्षाचे किंवा नेत्याचे नाव घेऊ नये. नवव्यानुसार शिक्षकांशी वाद घालू नये. दहाव्यानुसार नियम मोडल्यास अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कापले जातील व त्याबाबत शिक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

आता दहावीचे पाठ्यपुस्तक उघडून पाहावे. त्यात निवडणूक प्रक्रियेवर एक धडा आहे, सामाजिक व राजकीय चळवळींवर एक आहे आणि राजकीय पक्षांवर तर स्वतंत्र धडा आहे, ज्यात राष्ट्रीय आणि प्रादेशिक पक्षांची नावे घेऊन त्यांची माहिती दिलेली आहे. तो धडा मोठ्याने वाचणाऱ्या मुलीचे गुण कापायचे काय, हा प्रश्न माझ्या नातीने अगदी गंभीरपणे विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

पुस्तकाबाहेर पाऊल टाकले तर गोष्ट आणखी अवघड होते. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ २२७ प्रभागांच्या या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. आमच्या गल्लीतले गटार तुंबले तर नगरसेवक नसताना कोणाकडे जायचे, असे एखाद्या मुलाने त्या काळात विचारले असेल, तर त्याने राजकीय चर्चाच सुरू केली असे म्हणावे लागेल. चांगला शिक्षक तिथून चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीकडे जाईल, महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण व्हावी असे संविधानात लिहिले आहे हे सांगेल, आणि मग ती का झाली नाही या प्रश्नापाशी वर्गासह थांबेल. एकाही पक्षाचे नाव न घेता हा तास घेता येईल, पण राजकारण वगळून घेता येणार नाही.

मुख्याध्यापकांची भीती मला समजत नाही असे नाही. कोणा पालकाला शिक्षकाच्या बोलण्यात एका पक्षाचा वास येतो, तो दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन बसतो, आणि संस्थाचालक मग सगळाच विषय बंद करून मोकळे होतात. मी १९८३ साली परळच्या एका शाळेत नोकरीला लागले, तेव्हा गिरणी संपाला वर्ष उलटून गेले होते. वर्गात एका बाकावर संपावर ठाम असलेल्या कामगाराचा मुलगा आणि त्याच्या मागच्याच बाकावर पुन्हा कामावर गेलेल्या कामगाराचा मुलगा बसत असे. मूलभूत हक्कांत संघटना स्थापन करण्याचा हक्क शिकवत असताना मागच्याने पुढच्याच्या वडिलांबद्दल काहीतरी म्हटले आणि दोघे एकमेकांच्या अंगावर गेले. त्या दिवशी मीही वर्गाला बजावले की संपाचे नाव पुन्हा काढायचे नाही. पुढचे दोन आठवडे माझा वर्ग इतका शांत होता की मला स्वतःचाच राग येऊ लागला, कारण जी गोष्ट या मुलांच्या घरातली चूल पेटू देत नव्हती, तिच्याबद्दल बोलायला नागरिकशास्त्राच्या तासालाच मनाई होती.

मग मी बंदी उठवली आणि फळ्यावर एकच नियम लिहिला. बोलायचे असेल त्याने आधी समोरच्याचे म्हणणे असे मांडायचे की तो स्वतः ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हणेल, आणि त्यानंतरच आपले म्हणणे सांगायचे. पहिले काही तास हसण्यातच गेले. पुढे मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने संपावर असलेल्यांची बाजू इतकी नेमकी मांडली की पुढचा मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. मी स्वतःवरही दोन नियम घातले होते: आपण कोणाला मत देतो हे वर्गात सांगायचे नाही आणि मुलांच्या घरी कोणाला मत देतात हे कधीही विचारायचे नाही. मतदान गुप्त असते हे शिकवणाऱ्याने एवढे तरी पाळावे. शिक्षकाने काय पाळावे, याबद्दल नातीच्या पत्रकात एक ओळही नाही.

दहाव्या कलमाबद्दल थोडे अधिक. सामाजिक शास्त्रांच्या १०० गुणांपैकी ४० इतिहास व राज्यशास्त्राचे, ४० भूगोलाचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे २० गुण अभ्यासाचे आहेत, ते वर्तनाची शिक्षा म्हणून कापणे मुळात चूक आहे. त्यातही ज्याच्याशी वाद झाला त्यानेच निवाडा करायचा आणि तो अंतिम मानायचा, हे तर न्यायव्यवस्थेचा धडा शिकून आलेल्या मुलांना सांगण्यासारखे नव्हे. केरळातील एका शाळेने १९८५ साली तीन भावंडांना काढून टाकले होते. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे ते गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावले. अभिव्यक्तीच्या हक्कावर बंधन घालायचे तर ते कायद्याने घालावे लागते, खात्याच्या परिपत्रकाने नव्हे, हा त्या निकालातला एक मुख्य मुद्दा होता. ते प्रकरण आणि हे पत्रक एकाच तराजूत तोलावे असे मी म्हणत नाही, पण नियम लिहिणाऱ्यांनी तो निकाल एकदा वाचावा असे मात्र म्हणते.

माझी सूचना साधी आहे. हे पत्रक पालक-शिक्षक सभेपुढे ठेवावे, प्रत्येक कलमापुढे त्याचे कारण लिहावे, आठवे कलम काढून त्या जागी चर्चा कशी करावी हे सांगावे, आणि गुण कापले गेले तर दाद कोणाकडे मागायची ते नमूद करावे. मतदानाचे वय १९८९ पासून अठरा आहे, म्हणजे या वर्गातली बहुतेक मुले दोन-तीन वर्षांत मतदार होतील, आणि बऱ्याच जणांचे मतदान केंद्र अशाच एखाद्या शाळेच्या वर्गखोलीत असेल.

सुनेने पत्रकावर सही केली, मात्र आठव्या, नवव्या आणि दहाव्या कलमापुढे ‘कारण कळवावे’ असे लिहून. त्याला आता तीन आठवडे झाले. उत्तर आलेले नाही, पण नातीला वर्गात उभे करून पत्रकावर कोणी लिहिले, असे विचारण्यात आले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
विलेपार्ले (पूर्व), मुंबई