परीक्षणाच्या चौकटीत गेमचा आकारही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गेमिंगसाठी संगणक कसा निवडावा यावर लेख होता. लेख चांगला आहे, मी कात्रण काढून ठेवले. पण '१ टीबीपेक्षा लहान एसएसडी आज गेमिंगसाठी बिनकामाची' हे त्यातले वाक्य काही पचले नाही. एसएसडी म्हणजे संगणकात गेम आणि फाइली साठवायची वेगवान ड्राइव्ह, आणि १ टीबी म्हणजे १००० जीबी. माझी एसएसडी २४० जीबीची आहे आणि चार वर्षे मी तिच्यावर खेळते आहे. वय ६३. वय सांगते ते कौतुक करून घ्यायला नव्हे. नोकरीची ३१ वर्षे ग्रंथालयात गेली, तिथे जागा कधीच पुरली नाही, आणि तरीही वाचक रिकाम्या हाताने परत गेले नाहीत. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क आहे असे वाटते.

संगणक मूळचा भाच्याचा. त्याने नवा घेतला आणि जुना मला दिला. आत २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. "मावशी, तुला पत्ते खेळायला पुष्कळ झाला," म्हणाला. मला पत्ते खेळायचेच नव्हते. मला 'बाल्डर्स गेट ३' खेळायचा होता, आणि त्याच्या आवश्यकतांमध्ये स्पष्ट लिहिले आहे: १५० जीबी जागा, तीही एसएसडीवर.

पहिला धक्का म्हणजे खोक्यावर २४० आणि पडद्यावर २२३. यात फसवणूक काही नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजते आणि पुढे अक्षरे मात्र तीच जीबी लावते. दुसरा धक्का, त्या २२३ पैकी ९६ आधीच भरलेले. उरले १२७. गेम मावणार नाही, विषय संपला, असे भाच्याने जाहीर केले.

आमच्या ग्रंथालयात दर काही वर्षांनी निर्लेखन होत असे. म्हणजे फाटलेली, कालबाह्य झालेली, कुणीही न नेलेली पुस्तके यादी करून, मंजुरी घेऊन कपाटातून काढायची. निर्लेखनाचा पहिला नियम असा की आधी मोजायचे, मग हात लावायचा. मी विझट्री नावाचे छोटे साधन उतरवले. कोणत्या फोल्डरने किती जागा घेतली ते ते मोठ्यापासून लहानापर्यंत मांडून दाखवते. त्यात ३१ जीबी निघाले भाच्याचे. त्याने खेळलेल्या सामन्यांची चित्रीकरणे आपोआप व्हिडिओच्या फोल्डरमध्ये साठत गेली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. ती हार्ड डिस्कवर हलवली. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीनंतर मागे राहिलेली जुनी आवृत्ती, 'विंडोज डॉट ओल्ड' या नावाची, १९ जीबी. ती डिस्क क्लीनअपमधून गेली. आणि सहा जीबींहून थोडी मोठी एकच फाइल, हायबरनेशनची. संगणक झोपवताना रॅममधला, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीतला, मजकूर ठेवायला ती राखीव असते आणि तिचा आकार साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असतो. माझी रॅम १६ जीबी आणि मी संगणक रोज पूर्ण बंद करते, तेव्हा हायबरनेशन बंद केले. त्यासोबत फास्ट स्टार्टअप, म्हणजे संगणक झटपट सुरू होण्याची सोय, तीही जाते, पण एसएसडीवर त्याची उणीव मला तरी कधी जाणवली नाही. अशा रीतीने ९६चे ४० झाले. गेम बसला आणि वर ३३ जीबी मोकळे राहिले.

उत्साहाच्या भरात मी एक चूकही केली. पेज फाइल, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज ड्राइव्हवर वापरते ती जागा, बिनकामाची दिसली म्हणून तीही बंद केली. दोन दिवसांनी ऐन लढाईत गेम एक अक्षर न बोलता बंद पडला, मग पुन्हा पडला. पेज फाइल परत सुरू केल्यावर थांबले. तिला हात लावू नये.

आता मुख्य मुद्दा. गेम इतके जड का झाले? लेखकाने त्याचे श्रेय चित्रांच्या दर्जाला दिले आहे आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण दुसरे कारण मला माझ्या धंद्यामुळे चटकन कळले. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडे जास्त. शिवाय वाचणारा हात योग्य जागी सरकायलाही साधारण तेवढाच वेळ घेतो. एसएसडीत काही फिरत नाही की सरकत नाही. तिथे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होते. एक मोठी फाइल सलग वाचताना हा फरक फारसा बोचत नाही, पण हजारो बारीक तुकडे इथून तिथून गोळा करताना हार्ड डिस्कची दमछाक होते. आमच्याकडे बंद कपाटांच्या काळात वाचक चिठ्ठी द्यायचा आणि परिचर आत जाऊन पुस्तक आणायचा. एका चिठ्ठीवरची पाच पुस्तके पाच टोकांना असली की देवघेवीच्या खिडकीसमोर रांग लागलीच. त्यावर आमच्या एका वरिष्ठांनी उपाय काढला: शब्दकोशाच्या जास्त प्रती घ्या आणि प्रत्येक दालनात एक ठेवा. परिचराचे चालणे वाचले, कपाटे मात्र भरली.

गेम बनवणाऱ्यांनी नेमके हेच केले. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेमच्या यंत्राची रचना समजावताना त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२०च्या व्याख्यानात सांगितले होते की, त्यांच्या आधीच्या यंत्रावरील 'स्पायडर-मॅन' गेममध्ये टपालपेटीसारख्या वस्तूंची माहिती हार्ड डिस्कवर चारचारशे वेळा ठेवलेली होती. शहराच्या ज्या चौकात तुम्ही जाल, तिथल्या सामानाच्या शेजारीच टपालपेटी तयार! हार्ड डिस्कसाठी ही शहाणी सोय होती. एसएसडीवर तो निव्वळ अडगळीचा ढीग.

'हेलडायव्हर्स २' या गेमने तर डिसेंबर २०२५मध्ये हा ढीग उपसूनच दाखवला. संगणकावरची आवृत्ती सुमारे १५४ जीबींची होती. नकला काढून टाकलेली नवी आवृत्ती सुमारे २३ जीबींची निघाली. हार्ड डिस्कवाल्यांना फार ताटकळावे लागेल अशी निर्मात्यांना भीती होती. मोजल्यावर फरक निघाला काही सेकंदांचा, कारण बराचसा वेळ नकाशा तयार करण्यातच जात होता. १३१ जीबी, संपादक महोदय! माझ्या अर्ध्याहून अधिक ड्राइव्हएवढी जागा लाखो लोकांकडे कशासाठी अडली होती, तर कुणी मोजून पाहिले नाही म्हणून. तेव्हा ड्राइव्ह लहान आहे की गेम फुगलेला आहे, हे आधी विचारावे असे माझे म्हणणे आहे.

नकला आपल्याला काढता येत नाहीत, पण इतर काही गोष्टी येतात. 'फॉलआउट ४'साठी २०१७मध्ये जास्त बारकाव्याच्या चित्रांचा संच निघाला, तो एकटाच ५८ जीबींचा. तो ऐच्छिक आहे. माझा पडदा साधा १०८० ओळींचा आणि चष्मा दुहेरी भिंगांचा, मला तो संच घेऊन काय करायचे? काही गेम मोहीम आणि ऑनलाइन सामने वेगवेगळे काढू-घालू देतात, काही फक्त निवडलेल्या भाषेचेच आवाज उतरवतात. स्टीमवर, म्हणजे गेम विकत घेऊन उतरवायच्या ऑनलाइन दुकानावर, गेमच्या गुणधर्मांत जाऊन अतिरिक्त संचांपुढची खूण काढण्याइतकेच काम असते. फोल्डर दाबून लहान करण्याची साधनेही आहेत. त्यांनी माझा एक जुना गेम १४ जीबींवरून नऊवर आणला, दुसऱ्यात एक जीबीसुद्धा वाचला नाही, कारण त्याच्या फाइली आधीच दाबलेल्या होत्या.

एसएसडीवर काय ठेवायचे हे मी मनगटावरच्या घड्याळाने ठरवते. पाळीपाळीने चाली खेळायचा एक जुना गेम हार्ड डिस्कवर उघडायला ४० सेकंद घेतो, मग तीन तास काही मागत नाही. तो तिथेच बरा. मोठ्या मोकळ्या जगाच्या गेममध्ये घोडा दौडवला की पुढची गावे सतत डिस्कवरून यावी लागतात. हार्ड डिस्कवर घरांच्या भिंती मेणासारख्या दिसायच्या आणि मी गाव ओलांडल्यावर त्यांना विटा फुटायच्या. तो गेम एसएसडीवर हवाच. 'सायबरपंक २०७७'ने तर २०२३च्या मोठ्या अद्ययावतीपासून किमान आवश्यकतेतच एसएसडी घातली आहे. मात्र एसएसडीने फ्रेमची, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, संख्या वाढेल अशी आशा धरू नये, ते काम ग्राफिक कार्डाचे.

एका वेळी मी एकच मोठा गेम पुढे, एसएसडीवर ठेवते, बाकीचे मागे, हार्ड डिस्कवर. पाळी बदलली की गेम पुसून पुन्हा उतरवायचा नाही, स्टीममधूनच दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायचा. ६० जीबींना माझी आंघोळ उरकेपर्यंत वेळ लागतो. पुसण्याचा धडा मी महागात शिकले. एका जुन्या गेमचे जतन केलेले खेळ त्याच्याच फोल्डरमध्ये होते, ते क्लाउडवर जात नव्हते, आणि मी जागेसाठी सगळे फोल्डर उडवले. ४० तासांची मोहीम गेली. निर्लेखनाआधी यादी करायची हे ३१ वर्षे दुसऱ्यांना शिकवले होते! आता वहीत प्रत्येक गेमपुढे जतन केलेले खेळ कुठे असतात ते लिहिते. भाचा त्या वहीला हसतो आणि अडला की तीच मागतो.

मोकळी जागा हा काटकसरीचा शेवट नव्हे, गरज आहे. १२ जीबींचे अद्ययावत आले आणि लाँचरने, म्हणजे गेम उतरवून चालवणाऱ्या प्रोग्रामने, ५० जीबी मोकळे मागितले तेव्हा मी चक्रावले. मोठ्या फाइलीत थोडा बदल करायचा तरी काही वेळा तिची नवी प्रत बाजूला तयार करून मग जुनी काढली जाते, म्हणून ही मागणी. अशा वेळी गेम हार्ड डिस्कवर नेऊन अद्ययावत करते आणि परत आणते. शिवाय आजच्या बऱ्याच एसएसडींत एका पेशीत, म्हणजे माहितीच्या सर्वांत लहान कप्प्यात, तीन किंवा चार बिट लिहितात, ते सावकाश होते. म्हणून रिकाम्या पेशींत आधी एकेकच बिट भराभर लिहून घेतात. ड्राइव्ह ठासून भरली की ही सोय आटते. एकदा मी १० जीबी शिल्लक असताना ९ जीबींचा गेम आणत होते. सुरुवात झोकात झाली आणि मग वेग हार्ड डिस्कच्याही खाली आला. तेव्हापासून मी किमान २५ जीबी सोडते.

इतके हलवून एसएसडी झिजेल, असे भाचा म्हणायचा. माझ्या ड्राइव्हला ८० टीबी लिखाणाची हमी आहे. आठवड्याला ६० जीबी हलवले तर ती पुरायला २५ वर्षे लागतील. विंडोजचे स्वतःचे लिखाण धरून निम्मी करा हवे तर.

म्हणून एक विनंती. आपल्याकडे पुस्तक परीक्षणाखाली प्रकाशन, पृष्ठे आणि मूल्य छापतात. गेमच्या परीक्षणाखालीही चार ओळी द्याव्यात: डिस्कवर प्रत्यक्षात किती जागा, त्यातले काय वगळता येते, एसएसडी आवश्यक की नुसती बरी, आणि जतन केलेले खेळ कुठे राहतात. पानात जागा नाही असे उत्तर येईल, तर गेल्या रविवारी त्या लेखासोबत तलवार घेतलेल्या योद्ध्याचे चित्र तीन स्तंभांत होते. ते दोन स्तंभांत बसते, मी पट्टीने मोजले.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल