उसाचं वाडं, म्हैस आणि ॲलिसनचा जंतू

प्रिय सुरेश,

पुणं सोडून खडकलाटला परत आलास आणि दोन मुऱ्हा म्हशी घेतल्यास हे कळलं, लई बरं वाटलं. तू विचारलंयस की संकेश्वरचा कारखाना सुरू झाला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पाहिजे तेवढं मिळायलंय, ते पोटभर घातलं तर चालतंय काय, का गावातले म्हणतात तशी म्हैस त्यानं खचते. फोनवर दोन वाक्यात सांगून भागायचं नाही म्हणून लिहायलोय, सवडीनं वाच.

गावातले खोटं सांगत नाहीत. वाड्यात ऑक्सॅलेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियमला असं घट्ट धरतं की ते म्हशीच्या अंगी लागतच नाही, शेणातून जातं. ताजी व्यालेली म्हैस दुधातून आधीच ढीगभर कॅल्शियम देत असते, त्यात वरनं नुसतं वाडं, मग एखादीला दुग्धज्वर होऊन ती खालीच बसते. पण शेजारच्याची म्हैस तेच वाडं खाऊन धडधाकट कशी, हा प्रश्न मला कॉलेजपासून छळायचा, आणि उत्तर सापडलं मिल्टन ॲलिसनच्या कामात.

हा माणूस अमेरिकेत, आयोवातल्या एम्स गावी सरकारी पशुरोग केंद्रात संशोधन करायचा. तिकडं पश्चिमेच्या कोरड्या माळावर हॅलोजेटन नावाचं तण उगवतं, ऑक्सॅलेटनं भरलेलं, भुकेल्या मेंढ्यांनी एकदम चरलं की पटापट मरायच्या. थोडं थोडं खात आलेल्या मात्र तगायच्या. ॲलिसन आणि त्याच्या सोबत्यांनी मेंढ्यांना ऑक्सॅलेट वाढवत वाढवत दिलं, कोटीपोटातलं, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातलं, पाणी काढून ते किती वेगानं मोडतंय ते मोजलं आणि 1977 साली छापलं, सवय झालेल्या मेंढीत तो वेग चांगलाच वाढलेला. मेंढी तीच, आत जंतूंची वस्ती तेवढी बदललेली! 1980 मध्ये त्यांच्याच गटानं मेंढीच्या पोटातनं ऑक्सॅलेट मोडणारा जंतू वेगळा काढला, आणि हे काय सोपं नव्हे, कारण ह्याला हवा सोसत नाही, रॉबर्ट हंगेट ह्या जंतुशास्त्रज्ञानं आधी हवेशिवाय जंतू वाढवायची पद्धत बसवून ठेवली होती म्हणून असली कामं जमली. 1985 ला त्याचं नाव ठरलं ऑक्सॅलोबॅक्टर फॉर्मिजेनेस. ह्याला साखर नको, पेंड नको, हा जगतोच ऑक्सॅलेटवर. जे म्हशीला बाधतं तेच ह्याचं जेवण, केवढी मोठी गोष्ट आहे सांग!

कोटीपोटातल्या एका मिलीलिटर पाण्यात हजार कोटींच्या घरात जंतू असतात रे. आपण वैरण घालतो ती पहिली त्यांना मिळते, म्हैस जगते त्यांनी आंबवून सोडलेल्या आम्लांवर आणि पुढच्या पोटात त्यांनाच पचवून. तरी दूधवाल्यांच्या बैठकीत ह्यांचं नाव कुणी काढत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

बांधावर सुबाभूळ आहे म्हणालास, त्याचंपण असंच. ऑस्ट्रेलियात गुरं ते खाऊन केस गळून, गलगंड होऊन खंगायची, हवाईतल्या शेळ्यांना मात्र काय व्हायचं नाही. रेमंड जोन्स ह्या तिथल्या संशोधकानं 1980 च्या दशकात त्या शेळ्यांच्या पोटातले जंतू नेऊन ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि त्रास थांबला. 1992 मध्ये त्या जंतूला जोन्सचं नाव दिलं, देणाऱ्यांत परत ॲलिसन होताच.

तर तू असं कर. सुरुवातीला चार-पाच किलोच वाडं, कुट्टी करून शाळूच्या कडब्यात मिसळून, मग दोन-तीन आठवड्यात वाढवत ने, पण एकूण वैरणीच्या निम्म्यावर जाऊ नको. चुन्याची निवळी शिंपड, म्हणजे चुन्यातलं कॅल्शियम ऑक्सॅलेटला गव्हाणीतच धरतं आणि म्हशीचं वाचतं. मिनरल मिक्श्चर रोज, त्यात कंजूषी नको. भुकेल्या म्हशीपुढं एकदम भारा टाकायचा नाही. आणि वाडं बंद झालं की ते जंतूपण कमी होतात, म्हणून पुढच्या हंगामाला परत थोड्यापासनंच सुरू करायचं, गेल्या वर्षी पचलं म्हणून ह्या वर्षी पचेल असं धरून चालू नको.

दोघींचं वेत कितवं, कधी व्याल्या आणि दूध किती देतात ते कळव, त्यावर मी प्रत्येकीचा हिशोब मांडून देतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू
बेळगाव