आधी बॅटरीचा जॅक! बेळगावच्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

वडगाव, खानापूर, निपाणीकडची आम्ही सगळी तुमच्या टेबलाशी दुरुस्तीसाठी लॅपटॉप उघडायला शिकलो. त्याबद्दल मनापासून आभार.

«आधी बॅटरी काढा की ओ!» हे तुमचं वाक्य आमच्या हातात बसलंय. चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला, तरी आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर बॅटरीचे 7 ते 15 व्होल्ट असतातच. तशात स्क्रीनची केबल उपसली की बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्याचा, फ्यूज उडतो, स्क्रीन काळी पडते आणि गिऱ्हाईक नवी स्क्रीन घ्यायला निघतं. म्हणून खालचं झाकण निघालं की पहिला हात बॅटरीच्या जॅकला. वायरी ओढायच्या नाहीत, जॅक नखानं सरकवायचा. मग पॉवरचं बटण 15-20 सेकंद दाबून उरलासुरला करंट काढायचा.

पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचायची तुमची पद्धत तर सोन्यासारखी. 4 मिलिमीटरच्या जागी 8 चा स्क्रू पिळला की तळहात टेकतो तिथं वरून टेंगूळ येतं, नाहीतर बोर्डच चिरतो. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेत स्क्रू राहिलाय, हेही तुम्हीच दाखवलंत. कडा उचकटायला जुनं एटीएम कार्ड. लोखंडी पट्टी नाही.

कीबोर्डच्या रिबनचं, म्हणजे चपट्या केबलचं, कुलूप फार नाजूक. काही ठिकाणी ते वर उघडतं, काही ठिकाणी बाहेर सरकतं. आधी बघायचं, मग हात लावायचा.

आपल्या भागाची खरी दुखणी मात्र पंख्यात. वडगाव-खासबागच्या मागांवरचा तंतू, निपाणीच्या वखारीतली तंबाखूची धूळ, खानापूरची तांबडी माती. पंखा आणि हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, त्याच्या जाळीमध्ये याचा नमदा बसतो, बाहेरून दिसतही नाही. बाहेरून हवा मारली की तो उलट पंख्यात घुसतो. पंखा सोडवून, पाती बोटानं धरून, नमदा चिमट्यानं उचलायचा. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांप्रमाणे थोडे थोडे सैल करायचे. एकच बाजू आधी सोडली तर प्रोसेसरच्या चिपची कड उडते. चिप आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पुढं नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी, बास.

फुगलेल्या बॅटरीला तुम्ही कुणालाच टोकदार हत्यार लावू दिलं नाहीत. वाळूची बादली कायम टेबलाखाली. या काळजीबद्दल तुमचे आभार वेगळे मानायला हवेत.

कानडी गिऱ्हाइकाला कानडीत, मराठीला मराठीत, काय बिघडलं ते झाकण उघडं ठेवूनच समजावता. तेही आम्ही उचललंय. आणि झाकण लावायच्या आधी बॅटरी जोडून स्क्रीन, कीबोर्ड, टचपॅड, वायफाय तपासतो. सगळं चाललं की मगच पुठ्ठ्यावरचा पहिला स्क्रू उचलतो.

आपली,
शिकाऊ मंडळी